आई-वडील वेगळे राहत असतील तर अमेरिकेत कॉलेजची आर्थिक मदत कशी मागायची

न्यू जर्सी असो, शिकागो असो की बे एरिया, प्रत्येक महाराष्ट्र मंडळात आता अशी घरं आहेत जिथे मूल कॉलेजला निघालंय आणि आई-वडील एका छताखाली राहत नाहीत. कुणाचा रीतसर घटस्फोट झालाय, कुणी कोर्टाची पायरी न चढताच वेगळं बिऱ्हाड केलंय, तर कुणाच्या घरी नोकरीपायी एक जण पुण्यात आणि एक जण एडिसनला आहे. बाकीचे पालक पॉटलकला भेटले की एकमेकांना विचारून फॉर्म भरतात. या घरांना विचारायलाच संकोच वाटतो. मग ऐकीव माहितीवर फॉर्म भरला जातो, भलत्याच पालकाचं उत्पन्न त्यावर चढतं आणि हजारो डॉलरची मदत हातची जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुठल्या फॉर्मवर कुणाचं उत्पन्न जाणार हे मोठ्यांनी ऑक्टोबर उजाडायच्या आत आपसात ठरवावं. सतरा वर्षांच्या मुलाला दोन घरांमध्ये निरोप्या करू नये.

दोन फॉर्म, दोन वेगळे प्रश्न

पहिला फॉर्म फॅफ्सा. हा केंद्र सरकारचा, पूर्णपणे मोफत, स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर भरायचा. पेल ग्रँट (परत न करायचं सरकारी अनुदान), वर्क-स्टडी (शिकता शिकता कमाईचं काम), सरकारी विद्यार्थी कर्ज आणि बहुतेक राज्यांची मदत याच्यावरच ठरते. फॉर्म भरला की ‘स्टुडंट एड इंडेक्स’ नावाचा एक आकडा येतो. तो जितका कमी, तितकी मदतीची पात्रता जास्त. पेल ग्रँटची कमाल रक्कम २०२६-२७ साठी वर्षाला ७,३९५ डॉलर आहे.

दुसरा सीएसएस प्रोफाइल. तो कॉलेज बोर्डाचा, म्हणजे एसएटी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा. दोनशेहून जास्त कॉलेजं, त्यातली बरीचशी खासगी, स्वतःच्या तिजोरीतले पैसे कुणाला द्यायचे हे त्यावरून ठरवतात. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकी १६ डॉलर फी आहे, पण कुटुंबाचं उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल तर अमेरिकेतल्या पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला ती माफ होते.

फॅफ्सा विचारतो, गेल्या वर्षभरात मुलाला कुणी पोसलं? सीएसएस विचारतो, मुलाचे आई-वडील कोण? म्हणून फॅफ्सावर वेगळ्या झालेल्या दोघांपैकी एकाच पालकाची माहिती जाते, तर सीएसएस मागणारी अनेक कॉलेजं दोघांचीही माहिती घेतात. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचा सगळा गुंता निम्मा होतो.

सरकारी मदत फक्त नागरिक, ग्रीनकार्डधारक आणि कायद्याने पात्र ठरवलेल्या इतर काही गटांतल्या विद्यार्थ्यांना मिळते. एच-४ व्हिसावरच्या मुलाला ती मिळत नाही, त्याने कॉलेजच्या स्वतःच्या मदतीकडे पाहावं. पालकांचा व्हिसा कुठला आहे याने मात्र काही फरक पडत नाही. मूल इथे जन्मलेलं असेल तर आई-वडील अजून एच-१बी वर असले तरी ते अर्ज करू शकतं.

आधी ठरवा, तुम्ही खरंच ‘वेगळे’ आहात का

आपल्याकडच्या घरांमध्ये सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

नवरा बंगळुरूला बदलीवर आहे, बायको-मुलं न्यू जर्सीत आहेत, पण संसार एकच आहे, तर फॅफ्साच्या दृष्टीने तुम्ही विवाहित आहात. दोघांचंही उत्पन्न दाखवायचं. नुसतं अंतर म्हणजे विभक्त होणं नव्हे. मदत जास्त मिळावी म्हणून ‘आम्ही वेगळे राहतो’ असं लिहिणं ही सरकारी फॉर्मवरची खोटी माहिती ठरते आणि त्याला दंड आणि तुरुंगवास, दोन्ही होऊ शकतात.

याच्या उलटही होतं. नवरा-बायको म्हणून नातं संपलंय, दोघं वेगळ्या पत्त्यावर राहतात, पण मुलांसाठी, आजी-आजोबांसाठी किंवा ग्रीनकार्डच्या रांगेसाठी कागदावर लग्न तसंच ठेवलंय. अशा वेळी फॅफ्साला कोर्टाचा हुकूम लागत नाही. दोघं स्वतःला विभक्त मानतात आणि वेगवेगळ्या घरांत राहतात, एवढं पुरतं. फक्त ते दाखवता आलं पाहिजे. वेगळे भाडेकरार, वेगळी वीजबिलं, वेगळी बँक खाती जपून ठेवा. कॉलेजने पडताळणीसाठी फाइल उघडली तर हेच कागद मागितले जातील.

तिसरी अवस्था म्हणजे घटस्फोट झालाय किंवा ठरलाय, पण भाडं परवडत नाही म्हणून एकाच घरात वरच्या-खालच्या मजल्यावर राहताय. फॅफ्सा अशा दोघांना एकत्रच धरतो आणि दोघांची माहिती मागतो. वेगळं घर घ्यायचं ठरलंच असेल तर फॉर्म भरायच्या दिवशी परिस्थिती काय आहे हे महत्त्वाचं, कारण वैवाहिक स्थिती त्या दिवसाची धरली जाते.

फॅफ्सावर कोणता पालक?

पूर्वी नियम सोपा होता, मूल ज्याच्याकडे जास्त रात्री राहिलं तो पालक. २०२४-२५ च्या फॉर्मपासून तो बदलला. आता फॉर्म भरण्याच्या आधीच्या १२ महिन्यांत ज्याने मुलाचा खर्च जास्त उचलला, तो फॅफ्साचा पालक. दोघांचा वाटा सारखा असेल, किंवा दोघांनीही काही दिलं नसेल, तर ज्याचं उत्पन्न आणि मालमत्ता जास्त तो. बऱ्याच जुन्या लेखांत आणि व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डमध्ये अजून रात्रींचाच हिशेब सांगितलेला असतो, त्यावर जाऊ नका. कस्टडी कुणाकडे आहे, किंवा कर भरताना मुलाला अवलंबित म्हणून कोण दाखवतं, याचाही इथे संबंध नाही. कराच्या सवलतीसाठी फॉर्म ८३३२ वर सही करून दिली असेल तरी फॅफ्साचा हिशेब वेगळाच मांडायचा.

तो हिशेब प्रत्यक्ष कागदावर मांडा. एक उदाहरण घेऊ. मुलगी आईबरोबर एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये राहते, वडील डॅलसला असतात. भाडं २,६०० डॉलर, माणसं दोन, म्हणून मुलीच्या वाट्याचे १,३०० धरले तर वर्षाचे १५,६०० झाले. किराणा आणि डबा महिन्याला ५०० प्रमाणे ६,०००. गाडीचा विमा, फोन, कपडे, भरतनाट्यमचा क्लास, एसएटीची शिकवणी मिळून ५,४००. एकूण २७,००० डॉलर, आणि ते सगळे आईच्या खात्यातून गेले. म्हणजे आईच फॅफ्साची पालक, असं कुणालाही वाटेल.

पण वडील दर महिन्याला १,५०० डॉलर चाइल्ड सपोर्ट पाठवतात, वर्षाचे १८,०००. ते आईच्या खात्यातून खर्च झाले तरी आधार वडिलांचा धरला जातो. शिवाय आरोग्य विम्याच्या हप्त्यात मुलीचा वाटा २,४०० आहे आणि तोही त्यांच्या पगारातून कापला जातो. वडिलांचे झाले २०,४०० आणि आईचे स्वतःचे राहिले ९,०००. मुलगी रोज आईच्या घरी झोपते, पण फॅफ्सावर वडिलांचं उत्पन्न जाणार.

हा हिशेब पाहून अनेक आयांना धक्का बसतो, आणि तो बसणं साहजिक आहे. रात्रीची जागरणं, शाळेतल्या मीटिंगा, डॉक्टरच्या चकरा, यांतलं काहीच या बेरजेत येत नाही. तो नियमाचा अपुरेपणा आहे, तुमच्या कष्टांची किंमत नव्हे. तरीही नियम आहे तसा पाळावा लागतो. आकडे अगदी काठावर असतील तर पावत्यांसकट हिशेब तयार ठेवून कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला लेखी विचारा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा.

नवीन जोडीदार आणि जुना जॉइंट रिटर्न

फॅफ्साच्या पालकाने पुन्हा लग्न केलं असेल तर सावत्र आई किंवा वडिलांचं उत्पन्नही मोजलं जातं. ‘मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी माझी नाही’ असा करार लग्नाआधी केलेला असला तरी फॉर्मला त्याच्याशी देणंघेणं नाही. दोघांनी कर एकत्र भरला नसेल तर त्या जोडीदाराला स्वतंत्र खातं उघडून संमती द्यावी लागते. त्यामुळे ही गोष्ट नव्या घरात आधीच बोलून ठेवा, आयत्या वेळी लॉगिन मागू नका.

फॅफ्सा दोन वर्षांमागचा कर बघतो, २०२६-२७ साठी २०२४ चा. त्या वर्षी तुम्ही अजून एकत्र असाल आणि रिटर्न जॉइंट भरलेला असेल तर फक्त फॅफ्साच्या पालकाच्या वाट्याचं उत्पन्न धरलं जायला हवं. ते वेगळं काढायला डब्ल्यू-२ (पगाराचा दाखला) आणि १०९९ (इतर उत्पन्नाचा दाखला) लागतात. कॉलेजला स्वतःहून कळवा की आता आम्ही वेगळे आहोत, हे डब्ल्यू-२ आणि हा जुना रिटर्न. गप्प राहिलात तर दोघांचं मिळून उत्पन्न तसंच राहून जायची भीती असते.

पुण्याचा फ्लॅट, एफडी आणि गावची जमीन

फॅफ्सात तुम्ही राहता ते घर आणि ४०१ के सारखी निवृत्तीची खाती मालमत्ता म्हणून मोजत नाहीत. पण ज्या पालकाची माहिती जाते त्याच्या नावावर बाणेरला फ्लॅट असेल तर ती गुंतवणूक आहे. बाजारभावातून त्यावरचं कर्ज वजा करून उरलेला आकडा लिहायचा. भारतातल्या बँकेतली मुदत ठेव, म्युच्युअल फंड, एनआरओ-एनआरई खातं, स्वतःच्या नावावर झालेला प्लॉट, हे सगळं लिहायचं. ‘ते तिकडचं आहे, इथे कुणाला कळणार’ हा विचार सोडून द्या. पालकाच्या मालमत्तेतून दर वर्षी फार तर ५.६४ टक्के भाग हिशेबात धरला जातो, म्हणून लपवून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा धोका कितीतरी मोठा आहे. रुपयांतला आकडा फॉर्म भरतेवेळच्या दराने डॉलरमध्ये करा आणि कुठल्या दिवसाचा दर घेतला ते वहीत लिहून ठेवा.

चाइल्ड सपोर्ट घेणारा पालकच फॅफ्साचा पालक असेल तर मागच्या पूर्ण कॅलेंडर वर्षात मिळालेली रक्कम मालमत्तेच्या भागात लिहायची असते. देणाऱ्याला मात्र ती आता उत्पन्नातून वजा करता येत नाही. ५२९ खातं (कॉलेजसाठीच्या बचतीचं) फॅफ्साच्या पालकाच्या नावावर असेल तर मोजलं जातं, दुसऱ्या पालकाच्या नावावर असेल तर फॅफ्सावर येत नाही. सीएसएसवर बहुतेक सगळंच येतं, राहत्या घराची किंमतसुद्धा.

कॉलेजांची यादी तीन रकान्यांत करा

यादी फक्त रँकिंगवर करू नका. पहिल्या रकान्यात फक्त फॅफ्सा मागणारी कॉलेजं लिहा. रटगर्स, कॅलिफोर्निया विद्यापीठाची सगळी संकुलं, अर्बाना-शँपेनचं इलिनॉय विद्यापीठ यात येतात. दुसऱ्या पालकाचं उत्पन्न खूप जास्त असेल पण तो खर्चाला हात लावणार नसेल, तर तुमचा भरवशाचा आधार हा रकाना आहे. दुसऱ्या रकान्यात सीएसएस मागणारी पण एकाच पालकावर थांबणारी कॉलेजं. तिसऱ्यात दोन्ही पालकांची माहिती मागणारी, हार्वर्ड, येल, एमआयटी यांच्यासारखी. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावरच्या यादीत प्रत्येक कॉलेजसमोर हे लिहिलेलं असतं. ते दर वर्षी तपासा, कारण कॉलेजं धोरण बदलतात.

कॉलेजांच्या संकेतस्थळांवरचे नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता किती खर्च येईल याचा अंदाज देणारी साधनं, वेगळ्या झालेल्या घरांसाठी फारसे भरवशाचे नाहीत. त्यातले बरेचसे आई-वडील एकत्र आहेत असं धरूनच आकडा देतात. तिसऱ्या रकान्यातल्या कॉलेजसाठी दोघांचे आकडे घालून एकदा आणि एकाचेच घालून एकदा, असं दोनदा चालवून पाहा.

फॉर्म भरण्याचा क्रम

सप्टेंबरमध्ये मुलाचं आणि फॅफ्साच्या पालकाचं, अशी दोन स्वतंत्र खाती स्टुडंटएडच्या संकेतस्थळावर उघडा. ईमेल आणि फोन नंबर प्रत्येकाचा वेगळा हवा. मुलाच्या खात्यात आईने स्वतःचा नंबर घालणं ही आपल्याकडची नेहमीची सवय, आणि तिथेच नंतर अडकायला होतं. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेला, अगदी भारतात राहणारा पालकसुद्धा खातं उघडू शकतो. त्याच्या ओळखीची पडताळणी व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून त्याने आधी सुरुवात करावी.

फॉर्म दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत उघडतो. मूल आपला भाग भरतं आणि पालकाला ईमेलने आमंत्रण पाठवतं. आमंत्रण पाठवण्याआधी थांबा आणि नाव बघा. चुकीच्या पालकाला ते गेलं की दुरुस्तीत आठवडे जातात. पालकाने लॉगिन करून करखात्याकडून माहिती घ्यायला संमती द्यावी लागते. ही संमती नाही दिली तर मुलाला सरकारी मदत मिळतच नाही, मग उत्पन्न शून्य का असेना. दोघांच्या सह्या झाल्यावरच फॉर्म गेला असं समजा.

सीएसएसमध्ये मूल ज्या पालकाकडे राहतं तो मुलाबरोबर मुख्य अर्ज भरतो. दुसऱ्या पालकाने स्वतःचं वेगळं खातं उघडून स्वतंत्र अर्ज भरायचा. दोघांना एकमेकांचे आकडे दिसत नाहीत. दुसऱ्या पालकाची भीती बऱ्याचदा हीच असते की आपला पगार समोरच्याला कळेल आणि पोटगीचा खटला पुन्हा उघडेल. त्याला ही गोष्ट साध्या दोन ओळींच्या ईमेलमध्ये सांगा, मुलाच्या तोंडून नको. भारतात राहणाऱ्या पालकाकडून आयकर विवरणपत्र, फॉर्म १६ आणि पगारपत्रक तयार ठेवा, कारण कॉलेज नंतर आयडॉकवर, म्हणजे कॉलेज बोर्डाच्या ऑनलाइन कागदपत्र सेवेवर, कागद चढवायला सांगतं.

मुदतींवर लक्ष ठेवा. अर्ली डिसिजनसाठी (एकाच कॉलेजला बांधून घेऊन लवकर केलेला अर्ज) अनेक कॉलेजं नोव्हेंबरातच कागद मागतात. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट या राज्याच्या अनुदानाची मुख्य तारीख २ मार्च असते.

दुसरा पालक दाद देत नसेल तर

दोन अवस्था नीट वेगळ्या ओळखा. पालकाशी संपर्कच नाही, तो कुठे आहे ठाऊक नाही, घरात मारहाण झालेली आहे, किंवा कोर्टाने भेटायला मनाई केली आहे, तर सीएसएसवर दुसऱ्या पालकाच्या माहितीतून सूट मागता येते. त्यासाठी सूट-अर्जाबरोबर घराबाहेरच्या, परिस्थिती माहीत असलेल्या माणसाचं पत्र लागतं. शाळेचा समुपदेशक, समाजसेवक, डॉक्टर, वकील अशांच्या पत्राला वजन असतं. मामा-मावशीच्या किंवा मंडळातल्या काकूंच्या पत्राने सहसा भागत नाही. पत्रात भावना कमी आणि तपशील जास्त हवा: शेवटचा संपर्क कधी झाला, पैसे शेवटचे कधी आले, कोर्टाचा हुकूम कुठला. प्रत्येक कॉलेज स्वतंत्र निर्णय घेतं, म्हणून एकाने नाही म्हटलं तरी दुसऱ्याकडे मागा.

पालक आहे, बोलतो, पण ‘मी काही भरणार नाही’ म्हणतो, तर सूट बहुधा मिळत नाही. ‘घटस्फोटाच्या हुकुमात कॉलेजचा खर्च माझ्यावर नाही’ हे कारणही कॉलेजं मानत नाहीत. मग पहिला आणि दुसरा रकाना जड करा.

फॅफ्साच्या बाजूला, छळामुळे किंवा दुराव्यामुळे मूल दोन्ही पालकांशी संपर्क करू शकत नसेल तर त्याला फॉर्मवर तसं सांगून तात्पुरतं स्वतंत्र विद्यार्थी म्हणून अर्ज भरता येतो. अंतिम निर्णय कॉलेज घेतं. पालक नुसताच फॉर्मवर सही करायला नकार देत असेल तर मुलाला फक्त अनसबसिडाइज्ड (शिकत असतानाच व्याज चढणारं) सरकारी कर्ज मिळण्याचा मार्ग उरतो, आणि तेही कॉलेजच्या संमतीने.

राज्याचा कायदाही पाहा

हा भाग फार कमी जण पाहतात. न्यू जर्सीत १९८२ च्या न्यूबर्ग विरुद्ध अॅरिगो या निकालापासून कोर्ट वेगळ्या झालेल्या पालकांना, ऐपत आणि इतर बाबी पाहून, कॉलेजच्या खर्चात वाटा उचलायला सांगू शकतं. इलिनॉयमध्ये विवाह कायद्याच्या कलम ५१३ मध्ये तशी तरतूद आहे, आणि शिक्षणशुल्काची कमाल मर्यादा साधारणपणे अर्बाना-शँपेनच्या शुल्काइतकी धरली जाते. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये मात्र आधी करारात लिहिलं नसेल तर कोर्ट सहसा असा हुकूम देत नाही. म्हणून घटस्फोटाचा मसुदा अजून चालू असेल तर कॉलेजचं कलम आत्ताच घाला: कोण किती टक्के देणार, सीएसएसचा अर्ज दुसऱ्या पालकाने किती दिवसांत भरायचा, ५२९ खात्याचं काय. मूल सहावीत असलं तरी घाला.

मदतपत्र हातात आल्यावर

फॉर्म भरल्यानंतर वेगळे झालात, नोकरी गेली, किंवा चाइल्ड सपोर्ट बंद झाला, तर एड ऑफिसला फेरविचाराचं पत्र लिहा. एका पानात, तारखांसह, पुराव्यांसह. आधीचं उत्पन्न किती होतं आणि आता किती आहे, हे पहिल्या परिच्छेदातच यायला हवं.

पालकाच्या नावावरचं पॅरेंट प्लस कर्ज फॅफ्सावर नसलेला जन्मदाता पालकही मागू शकतो. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना त्यावर प्रत्येक मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादा लागते. ती दोन्ही पालकांची मिळून आहे. म्हणजे आईने पहिल्याच वर्षी २०,००० घेतले तर त्या वर्षी वडिलांना काही शिल्लक राहत नाही. कुणी किती घ्यायचं हे मे महिन्याच्या आत ईमेलवर ठरवून ठेवा. आणि हा सगळा फॉर्म पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा भरायचाय, तेव्हा १२ महिन्यांच्या खर्चाची वही आजपासूनच सुरू करा.